हातमोजं कुणाला?

सातबाऱ्यावर ज्याचं नाव, तो शेतकरी. सातबाऱ्यावर ज्याचं नाव नाही आणि जो रान नांगरतो, तो मजूर. आणि जी त्या रानात दिवसभर वाकून असते ती मजूरसुद्धा नाही. ती 'बाया'. 'उद्या बाया लावल्यात.' 'बाया मिळत नाहीत हो हल्ली.' 'बाया लई माजल्यात.' एकीलाही नाव नाही, सगळ्या मिळून एक अनेकवचन. हे व्याकरण कुठल्या शाळेत शिकवलं जातं ते मी गेल्या खुडणीच्या दिवसांत डोळ्यांनी बघून आलो. म्हणून हे लिहितोय.

निपाणीकडं एका खेड्यात माझी मावशी असते. आईची धाकटी बहीण. तिचा नवरा तंबाखूच्या गाडीवर हमाल होता, माल घेऊन सिन्नरला यायचा, तिथं सोयरीक जमली. आई सिन्नरला विड्या वळायची, मावशी तिकडं तंबाखू खुडायची. दोघी बहिणी एकाच पानाच्या दोन टोकांना. मधे कितीक व्यापारी, वखारवाले, अडते, कारखानदार, ठेकेदार. पान एका बहिणीच्या हातातनं दुसरीच्या हातात जाईपर्यंत वाटेत सगळ्यांचे बंगले झाले.

तर मावशीच्या गावात त्या दिवशी प्रशिक्षण होतं. मोठा फलक लावलेला: तंबाखू उत्पादक शेतकऱ्यांसाठी उत्तम कृषी पद्धती. कुणी भरवलं होतं ते सांगत नाही. एकाचं नाव घेऊन त्याला झोडायचं आणि बाकीच्या दहांना मोकळं सोडायचं, असलं काम आपल्याला करायचं नाही. सगळे एकाच साच्यातले आहेत, साचा बघा.

खुर्च्या मांडलेल्या. खुर्च्यांवर बागायतदार. भिंतीवर चित्रं पडत होती. साहेब मराठी बरं बोलत होता आणि खरं सांगायचं तर चांगलं बोलत होता. खोटं कशाला बोलू? तंबाखूचं बी किती बारीक, एका ग्रॅममध्ये दहा हजारांवर दाणे, म्हणून ते राखेत नाहीतर वाळूत मिसळून गादीवाफ्यावर फेकायचं. रोप किती दिवसांचं लावायचं. शेंडा कधी खुडायचा, म्हणजे झाडाचा जोर फुलात न जाता पानात उतरतो. शेंडा खुडला की बगलेतनं फुटवे येतात, ते पुन्हा पुन्हा काढायचे. बंबाखू दिसली की फुलायच्या आत उपटून शेताबाहेर न्यायची. औषध मारल्यावर किती दिवस पानाला हात लावायचा नाही. पोरांना कामाला लावायचं नाही. आणि मग तो म्हणाला, ओलं पान उघड्या हातानं धरायचं नाही. दव उतरल्यावर कामाला लागा. हातमोजे घाला. पूर्ण बाह्यांचा शर्ट घाला.

समोरच्या सगळ्यांच्या अंगात शर्ट होते. इस्त्रीचे. आणि त्यातल्या एकाचा हातसुद्धा पानाच्या चिकानं काळा झालेला नव्हता.

ज्यांचे हात काळे होते त्या बाहेर होत्या. पाचसहा जणी चहाच्या किटल्या घेऊन, बाकीच्या रानात. मावशी किटलीवाल्यांत. तिनं दारातनं ऐकलं आणि दारातनंच विचारलं, "सायब, हातमोजं आमास्नी कुणी द्यायचं? तुमी का मालकानं?"

खुर्च्या हसल्या. साहेब म्हणाला, "ते तुमच्या मालकांना विचारा." मालक पहिल्या रांगेत होता. तो म्हणाला, "अगं मावशे, हातमोजं घालून खुडायला लागलीस तर निम्मी सरी पन व्हायची न्हाई सांजपत्तूर. चहा दे बघू." पुन्हा हसू. प्रशिक्षण पुढं सरकलं.

दोस्तहो, त्या हसण्यावर मी हा अंक खर्ची घालतोय.

*

ओलं पान का धरायचं नाही? साहेबानं ते सांगितलं नाही. त्या खुर्च्यांना त्याची गरज नव्हती. तर आपण सांगू.

तंबाखूच्या हिरव्या पानात निकोटिन असतं. ते पाण्यात विरघळतं. सकाळचं दव, पाऊस, अंगाचा घाम, या सगळ्यातनं ते कातडीत शिरतं. विडी न ओढता, तंबाखू न खाता बाईच्या रक्तात तंबाखू उतरते. मग डोकं गरगरतं, मळमळतं, उलट्या होतात, अंग पांढरं पडतं, हातपाय गळतात. मावशीच्या भाषेत 'पान चढलं'. घरी येऊन भाकरी खायला घ्यावी तर बोटांचा चिक भाकरीला, भाकरी कडूजहर. लेकराला पाजायला घ्यावं तर हात कुठं लावायचा? डॉक्टर विचारतो काय खाल्लं होतं. काय खाणार? ऊन लागलं असेल म्हणतो, सुई टोचतो. दिवस बुडतो, हजेरी बुडते.

याला इंग्रजीत नाव आहे, हिरव्या तंबाखूचं दुखणं. अमेरिकेत १९७० पासून कागदोपत्री आहे. तिकडचं सोडा. आपल्याच देशात, अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेनं गुजरातच्या तंबाखू तोडणाऱ्या मजुरांवर काम केलं, हातमोजे घातले तर अंगात जाणारं निकोटिन कमी होतं हे बघितलं आणि १९८७ साली ते छापूनही आलं. १९८७! तेव्हा मावशीचं लग्न होऊन थोडीच वर्षं झाली होती. तेव्हापासनं शास्त्र हातमोजा घेऊन उभं आहे आणि तो हातमोजा मावशीच्या हातापर्यंत पोचत नाही. अहमदाबाद ते निपाणी एवढं अंतर आहे? अंतर अहमदाबादचं नाही. अंतर खुर्चीपासनं किटलीपर्यंतचं आहे.

मावशी काय करते? दुधाच्या पिशव्या हातात चढवते, मनगटाला सुतळी बांधते. तासाभरात आत घाम साचतो, पिशवी फाटते. नवऱ्याचा जुना शर्ट लुगड्यावर घालते. म्हणजे साहेबाचं पूर्ण बाह्यांचं तत्त्व तिनं साहेबाच्या आधी पंचवीस वर्षं शोधलेलं आहे. बंबाखूचंही तेच. ही बंबाखू म्हणजे काय चीज आहे ते नाशिकच्या वाचकाला ठाऊक नसेल. तिला स्वतःचं हिरवं पान नाही. मुळं नावालाच. जमिनीखालनं तंबाखूच्या मुळाला चिकटते, तिथूनच रस ओढते आणि मग ऐटीत फुलं घेऊन वर येते. तोवर तंबाखू सुकलेली असते. मावशी सांगते, "फुलाय आलेली बंबाखू झटकून उपटायची न्हाई, बी सांडतंय. अल्लाद काढायची, वट्यात घ्यायची, भाईर नेऊन जाळायची." साहेबाच्या भिंतीवरच्या चित्रात हेच होतं. खाली बाईचं नाव नव्हतं.

आणि दव उतरल्यावर कामाला लागा म्हणे! सांगा ना हे मालकाला. बाया सकाळी उन्हाच्या आधी रानात हव्यात, हजेरी पूर्ण भरायला हवी. दव उतरेपर्यंत बांधावर बसलं तर त्या तासांचे पैसे कोण देणार? या एका प्रश्नाला कुठल्याच पुस्तिकेत उत्तर नाही. उत्तम पद्धतीची किंमत मजुराच्या हजेरीतनं कापायची असेल तर ती उत्तम कुणासाठी?

*

नाशिकच्या लोकांना 'गॅप' हा शब्द शिकवायला नको. आमच्याकडं तो द्राक्षातनं आला. युरोपातल्या दुकानदारांनी १९९७ साली युरेपगॅप काढलं, २००७ साली त्याचं ग्लोबलगॅप झालं. दिंडोरी-निफाडच्या मळ्यांच्या फाटकांवर पाट्या लागल्या. २०१० साली जर्मनी-हॉलंडात आपल्या द्राक्षांत क्लोरमेक्वाटचा अंश सापडला, कंटेनर अडकले, जिल्हा हादरला. तेव्हापासनं मण्यामण्याची तपासणी. चांगलंच आहे. कुणाच्या पोटात विष जाऊ नये, गोऱ्याच्याही नाही.

पण माझा साधा सवाल आहे. पेठ-सुरगाण्याहून जे कोकणा, वारली येतात, मळ्यातच पाल ठोकून राहतात, गोडी छाटणीपासनं डिपिंगपर्यंत सगळं करतात, त्यांच्या अंगावरचा अंश कुठल्या प्रयोगशाळेत मोजतात? द्राक्षाच्या सालीवर किती हे दशलक्षातल्या भागात सांगतात. बाईच्या कातडीवर किती हे कुणीच सांगत नाही. कारण ती निर्यात होत नाही.

तंबाखूची गोष्ट तीच, फक्त इथं आणखी एक नागवेपण आहे. द्राक्ष खाऊन माणूस जगतो. तंबाखूचं उत्तम पीक उत्तम रीतीनं माणूस मारतं. मोठ्या कंपन्यांनी पानाच्या शेतीसाठी संहिता काढल्या, मजुरांबाबतचे नियम काढले, टिकाऊपणाचे कार्यक्रम काढले. कागद गुळगुळीत. आंध्रातल्या व्हर्जिनियाला निदान १९७५ च्या कायद्यानं बोर्ड आहे, नोंदणी आहे, लिलाव आहे. आमच्या निपाणीच्या विडीतंबाखूला तेवढंही नाही. ती उन्हात वाळते, व्यापाऱ्याच्या मनाला येईल त्या भावात जाते. तिथं उत्तम पद्धती आली ती फक्त भिंतीवरच्या चित्रात.

*

आता आपल्यातलेच काही पुढारी मित्र म्हणतील, अरे, तंबाखूच वाईट. प्रशिक्षण कसलं, बंदी घाला, विषय संपला. मी या मित्रांच्या पाया पडतो आणि त्यांना आईच्या खोकल्याशेजारी बसवतो.

आई सिन्नरला विड्या वळायची. मांडीवर सूप, सुपात जर्दा, भिजवलेली पानं, पत्र्याच्या मापावर कात्रीनं कापायची, भरायची, वळायची, दोरा मारायची, तोंड मुडपायचं. हजारावर मजुरी. ठेकेदाराच्या दारात माल मोजला जायचा आणि तो मूठभर विड्या बाजूला सारायचा, 'छाट'. छाट विड्यांचे पैसे नाहीत. पण छाट विड्या तो फेकायचाही नाही, विकायचा. हे गणित मला शाळेत समजलं नाही, आईच्या सुपाशी समजलं. ढास लागली की रात्र जायची. सकाळी भूक मारायला मिश्री. तंबाखू वळून पोट भरत नाही म्हणून तंबाखूनंच पोट गप्प करायचं.

त्याच आईच्या विडी कामगाराच्या ओळखपत्रावर मला शिष्यवृत्ती मिळाली. १९७६ च्या कायद्यानं विडीवर उपकर बसला होता, त्यातनं दवाखाने, घरं, पोरांची वह्यापुस्तकं. मी त्या वह्यांवर शिकलो, अंबडच्या कारखान्यात लागलो, इंदिरानगरात दोन खोल्या घेतल्या. २०१७ साली जीएसटी आला आणि तो उपकरच रद्द झाला. विडीवरचा कर वाढला, कामगाराच्या नावानं बाजूला पडणारा पैसा गेला. १९६६ चा विडी-सिगार कामगारांचा कायदा होता, तोही २०२० च्या संहितेत विरघळवला. तंबाखू वाईट आहे म्हणून सरकारनं काय बंद केलं बघा. आधी बाईचा फंड बंद केला.

म्हणून बंदी म्हणताना जपून. बंदीत पहिला कोण मरतो ते विचारा. बागायतदार उसाकडं वळेल, सोयाबीनकडं वळेल, त्याला कर्ज आहे, पाणी आहे, सोसायटी आहे. मावशी कशाकडं वळणार? तिच्याकडं वळवायला वावरच नाही.

जगाच्या आरोग्य संघटनेचा तंबाखू करार आहे. भारतानं २००४ साली त्याला मान्यता दिली. त्याच्या १७ व्या कलमात लिहिलंय की पर्यायी रोजगार द्यायचा. कुणाला? आधी तंबाखू कामगारांना, मग उत्पादकांना, मग जमलं तर किरकोळ विक्रेत्यांना. कामगार हा शब्द पहिला आहे! जिनीव्याच्या कागदावर मावशी पहिल्या रांगेत आणि गावच्या सभागृहात ती दाराबाहेर. १८ व्या कलमात पिकवणाऱ्या-वळवणाऱ्या माणसांच्या आरोग्याचंही आहे. सही करताना वाचलं होतं का रे कुणी?

*

निपाणीनं लढे बघितलेत. १९८१ साली शरद जोशींच्या मागं तंबाखूचे शेतकरी पुणे-बंगलोर रस्त्यावर ठाण मांडून बसले. घामाचे दाम मागत होते. ६ एप्रिलला पोलिसांनी गोळ्या घातल्या, माणसं मेली. त्या मेलेल्यांना मी वाकून नमस्कार करतो, यात टिंगल नाही. पण घाम कुणाचा आणि दाम कुणाला, हे त्या रस्त्यावर कुणी विचारलं का? भाव वाढला तर हजेरी किती वाढेल, हे मागण्यांच्या कागदावर कितव्या नंबरला होतं?

त्याच सुमाराला त्याच गावात वखारींतल्या बायकांनी युनियन बांधली होती. तंबाखू कुटणाऱ्या, चाळणाऱ्या, धुळीत बारा-बारा तास काढणाऱ्या. त्यांत देवाला सोडलेल्याही होत्या. दिवसा वखारवाल्याच्या, रात्री देवाच्या नावानं आणखी कुणाच्या. त्या रस्त्यावर आल्या, बोलल्या. युगांतर नावाच्या बायकांच्या गटानं १९८२ साली त्यांच्यावर 'तंबाखू चाकिला ओब आली' हा माहितीपट काढला. दोस्तहो, मिळवून बघा. एकेक बाई अशी बोलते की आपल्या सभांतले वक्ते गार पडावेत.

आणखी एक नाव. बाबू हरदास. कामठीचे. जयभीम म्हणायची रीत ज्यांनी रुजवली ते. त्यांनी विडी मजुरांचा संघ उभा केला, ठेकेदाराच्या हातनं मजूर सोडवायला सहकारी विडीचं काम सुरू केलं. १९३७ साली निवडून आले, १९३९ साली क्षयानं गेले, ऐन पस्तिशीत. आपण दिवसातनं दहादा जयभीम म्हणतो, त्याच्या मागं विडीचा धूर आहे आणि खोकला आहे हे आपल्याला ठाऊक नसतं. ज्याला आमच्या हातचं पाणी चालत नव्हतं त्याला आमच्या हातची विडी चालत होती. ओठात धरत होता! विडीला विटाळ नाही. नफ्याला कुठं विटाळ असतो?

आणि आपला नाशिक जिल्हा. सिन्नरला बाबासाहेब १९४१ साली वतनावरच्या जुडीविरुद्ध बोलायला आले होते. आंबे गावचे दादासाहेब गायकवाड, काळारामाच्या दारात ज्यांनी सत्याग्रह लढवला, त्यांनी पुढं देवळाचं दार सोडलं आणि जमिनीचं धरलं. १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह. हजारोंनी तुरुंग भरले. मागणी एकच, कसायला जमीन द्या. ती तेव्हा मिळाली असती तर आज मावशी खुर्चीवर असती आणि हातमोजे किती घ्यायचे याचा हिशेब तिनं स्वतः केला असता. प्रशिक्षणाचा प्रश्न हा मुळात सातबाऱ्याचा प्रश्न आहे. भिंतीवरची चित्रं तो लपवतात.

(निपाणी महाराष्ट्राची का कर्नाटकची यावर १९५६ पासनं डोकी फुटतायत. दोन्हीकडच्या झेंडेवाल्यांना नम्र विनंती, एकदा मावशीचे हात बघून जा. चिकाचा रंग कानडी आहे का मराठी ते ठरवा.)

*

प्रशिक्षण नको, असं मी म्हणत नाही. प्रशिक्षण हवं. पण जिचे हात पानाला लागतात तिला द्या. तिच्या हजेरीचा दिवस धरून द्या, त्या दिवसाची पूर्ण मजुरी द्या. रानात द्या, खुर्च्यांत नको. आणि शिकवणाऱ्यांत तिची एक बाई बसवा, बंबाखूचं ती तुमच्यापेक्षा बरं सांगते. हातमोजे, साबण, पाणी, दव उतरेपर्यंतच्या तासांचे पैसे हे भावात धरा. पान घेणाऱ्यानं आणि पिकवणाऱ्यानं आपसात वाटून घ्यावं, तिला त्या भांडणात ओढू नका. ज्याच्या रानातल्या मजुराला हातमोजा नाही त्याला उत्तम पद्धतीचा कागद नाही. द्राक्षाचा कंटेनर अडतो ना? पानाचं पोतंही अडवा. आणि पीक बदलायचा पैसा जेव्हा येईल तेव्हा पहिला वाटा बिनजमिनीच्यांचा, कराराच्या कागदावर आहे तसा.

आपल्या पोरांना एक सांगणं. राजीवनगरच्या झोपडपट्टीत, विडी कामगार नगरात, वडाळ्यात, बोगद्याच्या तोंडाशी पहाटे गाडीची वाट बघत उभ्या असलेल्या बायांत जाऊन विचारा. फवारणीच्या वेळी कुठं उभ्या होता? हात कशानं धुतले? उलटी झाली का? पोरगं कुठं ठेवलं होतं? लिहून काढा आणि आमच्याकडं पाठवा. कविता नंतर पाठवा.

त्या रात्री मावशी चुलीपुढं बसून हात घासत होती. राखेनं, मग दगडानं. चिक निघत नव्हता. मी म्हटलं, मावशे, तू दारातनं विचारलंस ते बरं केलंस. ती म्हणाली, "दारातनं इचारलं म्हून हसले रं. आत बसून इचाराय पायजे हुतं."

पुढचं प्रशिक्षण लावणीच्या आधी आहे. तिच्या टोळीतल्या सतरा जणी त्या दिवशी रानात जाणार नाहीत. सकाळी लवकर जाऊन पुढच्या दोन रांगा धरणार आहेत. मी कारखान्यातनं दोन दिवसांची रजा टाकलीय, किटली मी धरणार आहे.

इंदिरानगर, नाशिक